हळद, सोडा आणि याकूब मिस्त्री

शेख याकूब मिस्त्री यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकते. भांडण मी केलं. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं, एवढाच त्यांचा त्यातला वाटा.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. जवळा बाजारच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला पुरतं वर्षही झालं नव्हतं. मे महिन्यात हिंगोलीला शिक्षकांची बैठक होती आणि मी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पुढच्या बाकावर बसले होते. गाव सुटायच्या आतच बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. ड्रायव्हरनं गाडी ढकलत बाजारतळाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडपुढं आणून लावली. शेडमध्ये मिस्त्री एका रेडिएटरला कथलाचा डाग देत बसले होते. त्यांनी मान वर केली, गाडीकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, टोपण उघडा, पाणी ओता अन् मोकळं करा आम्हाला! तिकडं बैठक सुरू होईल," मी खेकसले.

मिस्त्रींनी हातातला डाग पुरा केला, उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. "बाई, आदी तुमी गार व्हा. मंग गाडी गार होईल. मंग टोपण."

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे!"

"मंग त लई बराबर झालं. समजून सांगायची तकलीफ न्हाई तुमाला." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळून गुळगुळीत झाली होती. "आतलं पाणी उकळून दबून बसलंय. टोपण सैल केलं की तोंडावर येतंय. माझ्या जवानीत मलाबी अशीच घाई व्हती."

मी गुमान बाकावर बसले आणि तांब्याभर पाणी प्याले. बैठक चुकली. त्या बैठकीत काय झालं ते आजवर मला कळलेलं नाही आणि त्यानं माझं काही अडलेलंही नाही. पण उकळत्या रेडिएटरचं टोपण का उघडायचं नाही, हे त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक वर्गाला तोंडपाठ आहे.

मिस्त्रींनी साठी गाठली असं आपण सगळे धरून चाललो आहोत. त्यांची जन्मतारीख कुणाकडंच नाही. बहात्तरच्या दुष्काळात आपण पंचविशीचे होतो, एवढं ते सांगतात. त्यावरून गौरव समितीनं हिशोब मांडला आणि हा ग्रंथ काढायचं ठरवलं. मिस्त्रींनी विरोध करून पाहिला. "ज्याला शाळेचं तोंड म्हाईत न्हाई त्याच्यावर किताब? लोक हसतेत," ते म्हणाले. समितीच्या चिटणीस मंगल यांनी त्यांचं काही चालू दिलं नाही. या मंगलबद्दल पुढं सांगणारच आहे, कारण ही सगळी गोष्टच तिच्यापासून आणि तिच्या सात मैत्रिणींपासून सुरू होते.

मिस्त्रींच्या शेडमध्ये एक रीत होती, ती ज्यांनी अनुभवली ते सगळे हा ग्रंथ वाचणारच आहेत. गाडी तापून आली की आधी ड्रायव्हरला पाणी, मग गाडीला. मग चहा. चहा संपेपर्यंत कुणी बॉनेटला हात लावायचा नाही. कित्येकांना वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. खरं म्हणजे तेवढ्या वेळात इंजिन निवायचं आणि माणूसही निवायचा. चहा ते स्वतः करायचे आणि बशीतून द्यायचे. पत्नी गेल्यापासून मिस्त्री एकटे राहत होते. स्वयंपाक, भांडी, धुणं सगळं त्यांच्याच हाताचं. शुक्रवारी दुपारी शेडमागं दोरीवर त्यांचे पांढरे सदरे वाळत असायचे आणि त्यांच्यावर तेलाचा एक डाग दिसेल तर शपथ! हे धुण्याचं मी उगीच सांगत नाही, पुढं त्याचं काम आहे.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला डोंगरात माळवाडी नावाची वस्ती आहे. तिथं बस जात नव्हती. मेंढरं राखणाऱ्या आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या लोकांची वाडी. तिथल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. मी वाडीत चकरा मारमारून, भांडून, रुसून आठ मुली आमच्या शाळेत आणल्या होत्या. त्यांना ने-आण करायला वाडीच्याच मारोतरावांची जुनी जीप होती. मारोतराव म्हणजे गरीब माणूस, स्वभावानंही गरीब. त्यांचा एकच शौक, चहा. मुली शाळेत शिरल्या की मारोतराव स्टँडावरच्या हॉटेलात बसायचे ते थेट शाळा सुटेपर्यंत.

आठही मुली दहावीला आल्या. त्या वर्षी परीक्षेचं केंद्र औंढ्याला होतं, म्हणजे वाडीतून घाट उतरून जायचं आणि उन्हाच्या तडाख्यात तोच घाट चढून परत यायचं. जानेवारीत एकदा जीप चढावर उकळली होती आणि मुली दिवेलागणीला पायी घरी पोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वाडीच्या पारावर सगळे बाप जमले. त्यांचे पुढारी सटवाजी, मंगलचे वडील. दीडशे मेंढरांचे धनी, माणूस सरळ, पण एकदा नाही म्हटलं की नाही.

"बाई, पोरी रस्त्यावर उभ्या ऱ्हायल्या. आता फिरून असं झालं त शाळा बंद. मंगल मेंढरामागं जाईन, तिला काय लाज हाय का त्याची?"

मी भर पारावर शब्द दिला. म्हटलं, "सटवाजी, परीक्षेचा एकही पेपर चुकणार नाही. गाडी पुन्हा अडली, तर तुम्ही म्हणाल तसं."

आता जे लिहिते आहे ते मिस्त्री सोडून कुणालाच माहीत नाही. मारोतरावांनाही नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. शाळेच्या फाटकापाशी जीप उभी असायची तिथं मातीत ओल दिसली. वाकून पाहिलं तर रेडिएटरच्या खालच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. मारोतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय बाई, ध्यानात हाय माझ्या. मिस्त्री भाचीच्या लग्नाला जिंतूरला गेले, शुक्रवारी येऊन राहिले. तवर मी रोज पाणी भरतो की." अगदी शहाणपणाचं बोलणं होतं. पण मला कुठं दम निघतोय? माझं माहेर वसमतकडचं. आमच्याकडं हळद पिकते, शिजते, वाळते, आणि घरात कापलं, खरचटलं, गळलं, सुजलं की हळदच लागते. आमच्याकडचे ट्रकवाले रेडिएटर गळायला लागला की त्यात चिमूटभर हळद टाकायचे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. माहेरून आलेला नव्या हळदीचा डबा त्या दिवशी माझ्याजवळच होता, शाळेच्या वाटेवर हातात पडलेला, घरी पोचायचा राहिलेला.

मारोतराव चहाला गेले. गाडी सकाळपासून उभी, म्हणजे इंजिन गार. मिस्त्रींचा पहिला धडा आठवून मी आधी हात लावून खात्री केली, मग टोपण उघडलं. तेवढी हुशारी केली. आणि मग चिमूट कसली, मूठही नाही, अख्खा डबा आत रिकामा केला! वर पाणी ओतलं. दोन तासांनी पाहते तर गळती बंद. मला असा काही आनंद झाला म्हणता! कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, परीक्षा झाली की मिरवू.

दोनच दिवसांनी, परीक्षेला सहा दिवस राहिले असताना, जीप घाटात आंब्याच्या वळणावर उकळली. नुसती उकळली नाही, बंदच पडली. मुली पुन्हा पायी घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेले तर पारावर कुणी माझ्याकडं वर बघेना.

"सगळ्या पोरी तीन आठवडे माझ्या घरी ठेवा," मी म्हटलं.

"तुमच्या दोन खोल्यांत आठ पोरी? अन् लोक काय म्हणतेन?" सटवाजी म्हणाले. "बाई, तुमी शब्द दिला व्हता. आता पोरगी पेपराला निघाली अन् घाटात अडकली, त दुनिया आमालाच हसंल. त्यापरीस ती जाऊच नये."

मंगल दाराआड उभी होती. तिच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं आणि ती रडत नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आठ मुलींची तीन वर्षं त्या एका गाडीवर येऊन अडली होती. मी हात जोडले. म्हटलं, "मिस्त्रींना एकदा गाडी बघू द्या. ते नाही म्हणाले तर मीही पुन्हा पायरी चढणार नाही."

जीप उतारावरून तशीच घरंगळत जवळा बाजारला आणली. सटवाजी आणि आणखी दोघे बाप मुद्दाम बरोबर आले होते, मिस्त्री काय म्हणतात ते स्वतःच्या कानांनी ऐकायला. वाटेत एका मेकॅनिकनं सांगूनही टाकलं होतं की इंजिन बसलं, गाडी भंगारात घाला. मारोतराव तर अर्धे मेले होते.

मिस्त्री आदल्या दिवशीच जिंतूरहून परतले होते. त्यांनी नेहमीप्रमाणं सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, मग पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालू केलं. त्यांनी कुठलंही हत्यार हातात घेतलं नाही. रेडिएटरच्या जाळीवर नुसता तळहात फिरवला, वरून खाली, डावीकडून उजवीकडं, तान्ह्या लेकराचं अंग बघावं तसा.

"इंजिन तापून राहिलं अन् जाळी निम्मी गार हाय," ते म्हणाले. "दोघांचं बोलणं बंद पडलंय. इंजिन चांगलं हाय बाबा. त्याची गरमी भाईर न्यायला पाणीच फिरंना, ते काय करील?"

मला ते ऐकून थोडं नवलच वाटलं. गाडी एवढी तापली तर रेडिएटरही तापलेलाच असणार, असं मला वाटत होतं. मिस्त्रींचं म्हणणं उलटं: जिथं जाळी गार, तिथं नळी तुंबलेली, कारण गरम पाणी तिथवर पोचतच नाही. पुस्तकातून मी उष्णतेचं वहन शिकवत होते आणि हे गृहस्थ ते तळहातानं वाचत होते.

रेडिएटर खाली उतरवला. मिस्त्रींनी डाग वितळवून वरची टाकी वेगळी केली आणि आत पाहिलं. आत पिवळाधमक गारा. नळ्यांची तोंडं त्यानं पार लिंपून गेली होती. मी केलं होतं हे. आठ पोरींची परीक्षा मी स्वतःच्या हातानं बुजवून टाकली होती.

मिस्त्रींनी बोटावर तो गारा घेतला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा काय सांगत असेल ते सांगतच होता. तेवढ्यात सटवाजी पुढं वाकले. "हे पिवळं काय म्हणायचं?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. मिस्त्री एकदम म्हणाले, "बाई, त्या चुलीवरचं आधण द्या इकडं." मी आधणाचं पातेलं दिलं. त्यांनी फळीवरून धुण्याच्या सोड्याचा पुडा काढला, पाण्यात टाकला आणि ते गरम पाणी टाकीत आणि नळ्यांवर ओतलं. बघता बघता पिवळं लाल झालं. तांबडंभडक, विटकरी.

"अगाऽ बया! जंग हाय की वो सगळा!" सटवाजी म्हणाले.

मिस्त्री हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ब्रश घेऊन घासायला लागले.

हळदीवर सोडा किंवा साबण पडला की ती लाल होते. नववीच्या वर्गात मी हळदीचा कागद करून हा प्रयोग दरवर्षी दाखवते. आणि जिनं कधी हळदीचा डाग साबणानं धुतला आहे, तिला प्रयोगाची गरजच नाही. पण त्या शेडमध्ये उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एकानंही जन्मात स्वतःचं धुणं धुतलेलं नव्हतं. धुणारे तिथं दोघंच होतो, मी आणि मिस्त्री. आमच्या दोघांशिवाय त्या लालीचा अर्थ कुणालाच कळला नाही.

त्या दिवशी मी वाचले. पण बोल कुणावर तरी यायचाच होता. सटवाजी मारोतरावांवर उखडले. "एवढा जंग चढंस्तोर तू काय करून राहिला व्हता रे? स्टँडावर चहा ढोसून राहिला व्हता! गाडीकडं ध्यान हाय का तुझं?"

मारोतरावांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, खरंच आपलीच चूक. ते म्हणाले, "नरसीच्या नामदेवाची आण, आजपासून चहाला शिवणार न्हाई." मिस्त्री लगेच म्हणाले, "मारोती, तुझी काईच चूक न्हाई, असली आण घेऊ नको." पण मारोतरावांना वाटलं, मिस्त्री नुसती समजूत घालताहेत. आणि मी? वर्गात पोरींना खरं बोला म्हणून सांगणारी मी, भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

सगळे गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "बाई, किती टाकली व्हती?"

"डबाभर."

ते हसायला लागले ते थांबेनातच. "बाई, रेडिएटर व्हता तो, भाजीचं पातेलं न्हाई!" मग शांतपणे म्हणाले, "चिमूटभर टाकली की गळती बुजती, हे खरं. पण हळदीला काय कळतंय, कोणतं छिद्र बुजवायचं अन् कोणतं उघडं ठिवायचं? जखमेवर लावावी ती. नळीत न्हाई भरावी."

मी म्हटलं, "मी उद्या पारावर जाऊन सगळ्यांना सांगते."

"उद्या न्हाई. आज तुमचा शब्द गेला त पोरींची शाळा गेली. मी झाकलं ते पोरींसाठी, तुमच्यासाठी न्हाई. पेपर होऊ द्या. मारोतीला कवा सांगायचं, ते मंग तुमी ठरवा." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात पत्र्याची एक फणी दिली. जाळीच्या पातळ पत्र्या वाकल्या होत्या, त्यांच्या मधे कापसाचा भुगा बसला होता. सरकीच्या गाड्यांमागं चालून चालून आमच्याकडच्या सगळ्या जीपांना हा भुगा बसतो. "वाकलेल्या पत्र्या सरळ करा. वारा आरपार गेला पायजे."

दोन दिवस शाळा सुटली की मी त्यांच्या शेडमध्ये बसून फणीनं पत्र्या सरळ करत होते. बाजारातल्या बायका बघून जायच्या आणि पुढं जाऊन हसायच्या. मिस्त्री पितळेची बारीक पट्टी घेऊन एकेका नळीतून गारा काढत. एकेक नळी, दोन्हीकडून. त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते बी.एस्सी.च्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

"बशीतला चहा काहून लवकर गार होतो?" त्यांनी एकदा विचारलं.

"पसरतो म्हणून. हवेला जास्त जागा मिळते."

"बास. मंग रेडिएटर म्हणजे बशाच हायेत. शंभर बशा उभ्या करून ठिवल्यात. इंजिनात पाणी जातं, तिथली गरमी घेतं, वरच्या टाकीत येतं. तिथून या बारीक नळ्यांत पसरून खाली उतरतं. पंखा वारा ओढतो, पत्र्या त्याला गरमी देतात, पाणी गार होऊन पुन्हा इंजिनात जातं. दिवसभर तेच. इंजिन तापणारच, बाई. तापणं हा त्याचा धंदाच हाय. त्याची गरमी कुणी तरी वाहून न्यायला पायजे, म्हणजे ते टिकतं."

त्यांनी टोपणही बदललं. जुन्याचं रबर झिजून गेलं होतं. टोपण घट्ट असलं की आत दाब राहतो आणि दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं, हे कुकरचं गणित मला माहीत होतं, पण गाडीत ते कधी पाहिलंच नव्हतं. पंख्याचा पट्टा ताणला. गळका सांधा पक्का डागला. मग तोंडं बंद करून आत हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवून धरला. एकही बुडबुडा वर आला नाही. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "टाळ्या घाटात."

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या बापांना निरोप धाडला. भर दुपारी बाराला, ऊन रणरणत असताना, आठही बाप घाटाच्या पायथ्याशी हजर. मिस्त्री म्हणाले, "पोरींच्या आदी बाप बसतेन. तुमाला घेऊन चढली त पोरींना घेऊन उडतच जाईन." आठ दणकट माणसं त्या जीपमध्ये कोंबली. सटवाजी पुढं, मिस्त्री त्यांच्याजवळ, स्टेअरिंगवर मारोतराव, आणि मी मागं दाराला लटकलेली.

चढ सुरू झाला. सटवाजी नाक पुढं करून वाफेचा वास घेत होते. आंब्याचं वळण आलं. मी डोळे मिटले आणि माझ्या माहेरच्या सगळ्या देवांना एकदम हाक मारली. गाडी वळली. चढली. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, आणि गरमीचा काटा मधोमध! माळावर पोचून गाडी उभी राहिली तेव्हा इंजिन शांतपणे घुरघुरत होतं आणि आठ बाप एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

मिस्त्रींनी सटवाजींना खाली उतरवलं, बॉनेट उघडून त्यांचा हात पंख्यापासून अंतर ठेवून धरला. "लागून राहिली का गरम हवा?"

"लागून राहिली."

"ही इंजिनाची गरमी. भाईर चालली. जोवर ती भाईर चालली हाय, तोवर तुमच्या पोरीबी शाळेत चालल्या."

सटवाजींनी हात फिरवून पुन्हा एकदा हवा तपासली. मग मागं वळून वाडीकडं तोंड करून असे ओरडले की मेंढरं बिथरली असतील. "मंगेऽ! दप्तर भर!"

काय सांगू! आम्ही सगळे हसलो, रडलो, मारोतरावांना उचलून घेतलं. मिस्त्रींनाही उचलणार होतो, पण ते "अरे, पाठ हाय माझी" म्हणत बॉनेटमागं लपले.

परीक्षा झाली. एकही पेपर चुकला नाही. एवढंच नाही, पहिल्या दिवशी आमच्या मुली केंद्रावर सगळ्यांच्या आधी तासभर जाऊन बसल्या. निकाल लागला, आठच्या आठ पास! वाडीत गुलाल उधळला आणि पहिला पेढा सटवाजींनी चालत येऊन याकूब मिस्त्रींना भरवला. त्या मुलींपैकी एक आज नर्स आहे, एक पिठाची गिरणी चालवते, दोघी पुढं शिकून नोकरीला लागल्या. तिघी घरच्या शेतात राबतात, पण लेकरांच्या औषधाच्या बाटलीवरचं स्वतः वाचतात आणि आपल्या पोरींना आत्तापासून अंगणवाडीत धाडतात. आणि मंगल, ती तर वाडीच्याच शाळेत शिक्षिका आहे. तीच या समितीची चिटणीस. मारोतरावांची जीप नंतर कित्येक वर्षं तो घाट चढली. वाडीतल्या पोरी सातवीनंतर घरी बसायचं बंद झालं.

मिस्त्रींनी किती गाड्या निववल्या, किती ड्रायव्हरांना हात धरून शिकवलं, हातचं काही राखून न ठेवता कसं शिकवलं, हे इतरांनी लिहिलं आहेच. मला त्यांचं मोठेपण वेगळ्या जागी दिसलं. माझी चूक त्यांनी ज्या तऱ्हेनं झाकली, त्यात मला खाली पाहायला लावलं नाही. त्यांनी मला कामाला लावलं. पत्र्याची फणी हातात दिली. माफ करायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. मिस्त्री, आज सगळ्यांपुढं तुमचे आभार मानते. तुमच्यामुळं माझा शब्द राहिला.

पण एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोडली होती आणि ती मी सात वर्षं केली नाही. भीतीनं, लाजेनं, आज उद्या करत. मंगल लेख मागायला आली तेव्हा मी मिस्त्रींकडं गेले आणि म्हटलं, आता लिहू का? ते म्हणाले, "लिवा. उशीर केला, पण लिवा. पोरी कुठवर पोचल्या ते आदी सांगा, मंग हळदीचं मारोतीला सांगा." हळद तर माझ्यानं आधीच सांगून झाली, राहवलं नाही. पण ज्यांना सांगायचं ते आत्ता सांगते.

मारोतराव, त्या गाडीत हळद मी टाकली होती. तुमचं ध्यान गाडीकडं होतं; गळती तुम्हाला माहीत होती आणि तुम्ही बरोबर तेच करत होतात. चूक सगळी माझी. सात वर्षं तुम्ही चहाला शिवला नाहीत, सोयऱ्यांच्या घरी, लग्नात, थंडीत, पावसात, आणि दर वेळी मी ते बघत होते. मला माफ करा. नरसीला मी तुमच्याबरोबर येते. आण चुकीच्या गोष्टीवर घेतली होती, हे नामदेवांच्या पुढं मी स्वतः सांगते.

याकूब मिस्त्री, तुमचं आयुष्य लांबलचक असो. हाताला कसब राहो, पाठीला आराम मिळो, माठ भरलेला असो आणि शेडपुढं गाडी कमी, माणसं जास्त येवोत. सत्काराच्या दिवशी हार-तुरे झाले की आपण सगळे तुमच्या शेडमध्ये जमू. चहा तुम्हीच करा, तो मान तुमचाच. पहिली बशी मात्र मी भरणार आहे आणि फुंकर घालून मारोतरावांच्या हातात देणार आहे.